लाईट आली, सर्व्हर उठला. पण प्रोग्रामचं काय?

समजा, अंबाजोगाईत पावसाच्या सेन्सरची नोंद ठेवणारा एक लिनक्स सर्व्हर तुमच्याकडे आहे. रात्री लाईट गेली, इन्व्हर्टरही उतरला. पहाटे लाईट आली. तुम्ही झोपेत. नोंद आपोआप सुरू होईल का? पडून गेलेला पाऊस परत मोजता येत नाही, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा.

आधी मशीन स्वतःहून चालू व्हायला हवं. वीज परतल्यावर चालू होण्याची सेटिंग बहुतेक बायॉसमध्ये असते. ती बघून घ्या.

मग कमांड. सोपा मार्ग म्हणजे क्रॉनटॅबमध्ये 'ॲट-रीबूट'ची एक ओळ. पण क्रॉन नेटवर्कची वाट बघत नाही, आणि प्रोग्राम मध्येच बंद पडला तर त्याला परत उठवतही नाही.

ही दोन्ही कामं सिस्टमडी करतं. २०१० मध्ये आलेलं सिस्टमडी आज उबुंटू, डेबियन, फेडोरा या सगळ्यांत असतं. त्यासाठी छोटी सर्व्हिस फाईल लिहायची. 'आफ्टर' आणि 'वॉन्ट्स' या दोन्हींपुढे 'नेटवर्क-ऑनलाईन' टार्गेट द्या. नुसत्या 'आफ्टर'ने फक्त क्रम ठरतो. 'रीस्टार्ट'पुढे 'ऑन-फेल्युअर' लिहा. शेवटी 'वॉन्टेड-बाय'पुढे 'मल्टी-युजर' टार्गेट.

आता नीट लक्ष द्या: 'स्टार्ट' म्हणजे आत्ता चालू कर, 'इनेबल' म्हणजे यापुढे प्रत्येक बूटला चालू कर. दोन्ही लागतात.

एवढं झालं की दिवसाउजेडी सर्व्हर रीबूट करा, आणि काहीही टाईप न करता नवी नोंद पडतेय का ते बघा.