परभाषेचा अभ्यास आणि नेमाची वर्गणी

एखादी परकी भाषा आपली आपण शिकावयाची म्हटले की पहिला महिना उत्साहात जातो. नवे पुस्तक असते, कोरी वही असते, दहावीस शब्द जिभेवर खेळू लागतात. तिसऱ्या महिन्यात वही कपाटावर जाते. असे का होते आणि त्याला उपाय काय, याचा विचार येथे स्पॅनिश भाषेच्या उदाहरणाने करावयाचा आहे. ज्याची शाळा अर्ध्यावर सुटली आणि ज्याचा दिवस पाळीच्या भोंग्यावर चालतो, त्याला मास्तर नसतो आणि परीक्षाही नसते. त्याचा उत्साह मावळला तर हाक मारणारे कोणी नाही. म्हणून हा प्रश्न आम्हाला नुसता भाषेचा वाटत नाही.

पहिली गोष्ट हिशेबाची. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची जी भाषा शिकविणारी संस्था आहे, तिचा अंदाज असा की, इंग्रजी बोलणाऱ्यास स्पॅनिश कामकाजापुरती येण्यास सुमारे ६०० ते ७५० तासांचे शिक्षण लागते. रोज अर्धा तास दिला तर वर्षाचे सुमारे १८० तास होतात. म्हणजे काम साधारण चार वर्षांचे आहे. हा आकडा ऐकून घाबरू नये. उलट तो आधीच माहीत असावा. आठ दिवसांत सर्व मागण्या पदरात पाडून देतो असे गेटसभेत सांगणाऱ्या पुढाऱ्यामुळे नवव्या दिवशी कामगारांचा विश्वास संघटनेवरूनच उडतो. 'दोन महिन्यांत स्पॅनिश' या जाहिरातीचेही तसेच आहे. विद्यार्थी जाहिरातीला दोष देत नाही, स्वतःला मंद समजतो.

दुसरी गोष्ट विसरण्याची. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवून दिले की, पाठ केलेले पहिल्या काही तासांत व दिवसांत झपाट्याने विसरले जाते आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. तेव्हा विसरणे हा बुद्धीचा दोष नव्हे, तो सर्वांचा धर्म आहे. आज पाठ केलेला शब्द उद्या, मग चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी पुन्हा आठवून पाहावा. पुस्तक उघडण्यापूर्वी आठवावा, हे महत्त्वाचे. हल्ली मोबाइलवरचे धडे सलग किती दिवस झाले ते मोजून दाखवितात. ठीक आहे, पण हजेरीपट भरला म्हणजे काम झाले असे नव्हे.

तिसरी गोष्ट, परक्या भाषेत आपली भाषा ओळखण्याची. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण, आणि आपला 'पगार' हा शब्द पोर्तुगीजांकडूनच आलेला. स्पॅनिशमध्येही 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणे! 'मला पाव आवडतो' याला स्पॅनिश माणूस 'मे गुस्ता एल पान' म्हणतो, आणि 'मला पुस्तके आवडतात' याला 'मे गुस्तान लोस लिब्रोस'. क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे बदलते, अगदी मराठीसारखे. इंग्रजीतून येणारा येथे अडखळतो, आपण सरळ पुढे जातो. काही ठिकाणी मात्र मराठीची मदत संपते. आपल्या एका 'आहे' साठी तेथे 'सेर' आणि 'एस्तार' अशी दोन क्रियापदे आहेत. 'एस आबुरीदो' म्हणजे तो कंटाळवाणा आहे. 'एस्ता आबुरीदो' म्हणजे तो कंटाळला आहे. पहिला स्वभाव, दुसरी तात्पुरती अवस्था. अभ्यास सोडणाऱ्याने हा भेद स्वतःला लावून पाहावा.

वय झाले, असे कोणी म्हणेल. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे १९२४ साली मेक्सिकोला पोचले तेव्हा चाळिशीच्या आसपास होते. तेथे चापिंगो येथील कृषिविद्यालयात ते शिकवू लागले, आणि मक्यावरचे आपले संशोधन त्यांनी स्पॅनिशमध्ये प्रसिद्ध केले. त्यांना भाषेची गरज होती, हे खरे. आपणही एखादी गरज निर्माण करावी: दर रविवारी दोघांनी बसून स्पॅनिशमध्ये पाच वाक्ये बोलावयाची. कोणी वाट पाहणार आहे, एवढ्यानेही माणूस वही उघडतो.

आणि खंड पडला तर? स्पॅनिशमध्ये संपाला 'वेल्गा' म्हणतात. ज्या क्रियापदापासून तो शब्द आला, त्याचा अर्थ विसावणे. विसावा घ्यावा, पण परत केव्हा यावयाचे ते ठरवून घ्यावा. येथे आम्हाला वर्गणीचा अनुभव उपयोगी पडतो. संपाच्या सभेला मैदान पुरत नाही, पण संघटना जगते ती दरमहाच्या वर्गणीवर. सभासदाची सहा महिन्यांची वर्गणी थकली आणि ती एकदम मागितली, तर तो दार लावून घेतो. चालू महिन्याची घेतली, तर तो संघटनेत राहतो. अभ्यासातही बुडालेले दिवस भरून काढण्याच्या नादी लागू नये. आजचा अर्धा तास आज भरावा, आणि थकबाकी माफ करावी.