हाडांतील हुकूमनामे

कुरुंदवाडहून नदीपलीकडे नृसिंहवाडीस दत्तपादुकांच्या दर्शनाला जावयाचे आणि घाटाच्या पायऱ्या उतरावयाच्या म्हटले, की साठी उलटलेल्या भाविकास दैवताच्या आधी स्वतःचे गुडघे आठवतात. आणि ‘हाडे झिजली’ एवढे बोलून तो ज्या दुखण्याची बोळवण करतो, त्यात झिजेइतकाच शरीराने स्वतः चालविलेल्या पाडापाडीचा वाटा असतो. सांध्यातील कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिच्यातील मोजक्या पेशी तिची डागडुजी करतात, आणि त्याच पेशी, विपरीत संकेत मिळाले असता, तिचे तंतू तोडणारी एन्झाइमे स्रवू लागतात. ही एन्झाइमेच निष्प्रभ करावीत, हे औषधनिर्मात्यांना सुचले नसते तरच नवल. परंतु गुडघ्यांच्या सांधेझिजेवरील अशा एका औषधाच्या चाचणीत रुग्णांचे खांदे आखडू लागले. खरा प्रश्न, माझ्या मते, अंमलदाराचा, म्हणजे एन्झाइमाचा, नसून त्याला कामाला लावणाऱ्या हुकमाचा, म्हणजे संकेताचा, आहे.

हाडाचेही तेच. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरसाल नव्याने घडतो: काही पेशी जुने हाड आम्लाने व कॅथेप्सिन-के या एन्झाइमाने विरघळवितात, दुसऱ्या तेथे नवे रचतात. 1948 साली विलीन होण्यापूर्वी कुरुंदवाड संस्थानच्या कचेरीत हुकमावर शिक्का उठल्याखेरीज कारकून हालत नसावा, तद्वत पेशीतही एका प्रथिनावर फॉस्फेटाचा शिक्का उठल्यावाचून पुढील प्रथिन जागे होत नाही. आणि हा शिक्का मारणारी एन्झाइमे म्हणजे कायनेझे. त्यांपैकी ‘सार्क’ हे कायनेझ ज्यांच्यात मुळीच नाही असे उंदीर 1991 साली अमेरिकेत निपजविण्यात आले, तेव्हा त्यांच्या मेंदूत काही मोठे वैगुण्य दिसेल ही अपेक्षा फोल ठरून, हाडेच भरीव व दगडासारखी झालेली आढळली. हाड विरघळविणाऱ्या पेशी जन्मल्या होत्या, जागेवर हजरही होत्या, केवळ काम करीत नव्हत्या!

पीएचडीनंतर कायम नोकरी लागेपर्यंत परक्या प्रयोगशाळेत जी उमेदवारी करावी लागते, तीतील पुष्कळशी वर्षे अशाच एखाद्या शिक्क्याचा माग काढण्यात जातात. उदाहरणार्थ, पेशीशास्त्रज्ञ मोहन वाणी यांनी लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटल मेडिकल स्कूलमधील सहकाऱ्यांसह 1999 साली दाखविले, की ‘रँकएल’ या प्रथिनाने हाड विरघळविणाऱ्या पेशी घडविण्याचा जो हुकूम सुटतो, त्यास प्रोस्टाग्लँडिन या संप्रेरकासारख्या द्रव्याची जोड मिळाली म्हणजे तो अधिकच जोमाने बजावला जातो. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात त्यांच्या गटाने 2003 साली याची उलट बाजू मांडली: इंटरल्यूकिन-3 हे प्रथिन त्याच होतकरू पेशींना वेगळ्या वाटेस लावते, आणि त्या मग माघारी फिरत नाहीत.

रँकएलचा हुकूम वाटेतच अडविणारे डेनोसुमॅब हे औषध 2010 पासून ठिसूळ हाडांच्या रोग्यांना सहा महिन्यांनी एकदा टोचले जाते. मात्र ते एकाएकी बंद केले, तर तुंबलेले काम उसळून मणके मोडण्याचा धोका असतो, म्हणून थांबविताना डॉक्टर दुसरे औषध सुरू करतात.