तिसऱ्या मजल्यावरचा समुद्र

विश्रांतवाडीच्या चौकातून समुद्र किती लांब असेल? मुंबई गाठायची म्हटलं तर रस्त्यानं दीडशे किलोमीटरच्या आसपास. शिवाय अख्खा बोरघाट उतरायचा, कारण आपलं पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर बसलं आहे. आता कल्पना करा, धानोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एखाद्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, दिवाणखान्याच्या कोपऱ्यात दोन फुटी काचेची टाकी आहे आणि तिच्यात चक्क खारं पाणी आहे! नारिंगी अंगावर पांढरे पट्टे ओढलेली क्लाऊन माशांची जोडी खडकाच्या कपारीतून आत-बाहेर करते आहे.

जमेल असं? जमतं की! पण गप्पी किंवा गोल्डफिश पाळण्याइतकं ते सोपं नाही. आणि खाऱ्या टाकीच्या चित्रांत जे जे दिसतं, ते सगळं घरी आणायला कायद्यानं परवानगीही नाही. हे दुसरं आधी सांगून टाकतो, कारण बहुतेक जण तेच सगळ्यांत शेवटी विचारतात.

खाऱ्या टाकीचं नाव काढलं की डोळ्यांसमोर येतात ते प्रवाळ. कोणी मेंदूसारखा वळ्यावळ्यांचा, कोणी सांबराच्या शिंगांसारखा फांद्या फुटलेला. हे प्रवाळ म्हणजे झाड नव्हे आणि नुसता दगडही नव्हे. तो प्राण्यांचा वाडा आहे. इवले इवले असंख्य प्राणी चुनखडीच्या खोल्या बांधून एकमेकांना चिकटून राहतात. त्यांच्या अंगात आणखी बारीक शैवाल भाडेकरू म्हणून राहतं. ते सूर्यप्रकाशावर साखर तयार करतं आणि तीच भाडं म्हणून घरमालकाला देतं! बांधकाम मात्र फार सावकाश. गोल ढिगासारखे प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. म्हणजे फुटबॉलच्या आकाराचा एखादा प्रवाळ तुमच्याच वयाचा, अकरा-बारा वर्षांचा असू शकतो.

आपल्या देशात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. त्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघ आहे, हे तुम्ही शाळेत ऐकलं असेल. २००१ साली त्याच अनुसूचीत खडक बांधणारे सगळे प्रवाळ, काळे प्रवाळ, पंख्यासारखे दिसणारे समुद्रपंखे आणि घोड्याच्या तोंडाचे समुद्रघोडे यांचीही भर पडली. म्हणजे घरात प्रवाळ ठेवणं हे वाघाचं पिल्लू ठेवण्याच्याच रांगेत बसतं, बरं का! मेलेल्या प्रवाळाचा पांढरा तुकडाही त्यातून सुटत नाही. कोणी दुकानदार “चालतं हो, सगळेच घेतात” म्हणाला, तरी आई-बाबांनी तिथूनच मागं फिरावं.

हा कायदा नुसता कागदावर नाही. मुंबईचा सागरी किनारा रस्ता बांधताना वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळ सापडले. मग रीतसर परवानगी काढून, शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली, २०२० साली ते तिथून हलवून दुसऱ्या जागी बसवावे लागले. हजारो कोटींचा रस्ता, आणि तो मूठमूठभर प्राण्यांसाठी थांबून पुढे गेला.

एवढा कडकपणा कशासाठी? त्यासाठी दीडशे वर्षांहूनही मागे, इंग्लंडला जावं लागेल. फिलिप हेन्री गॉस नावाच्या निसर्ग-अभ्यासकाला समुद्रातले जीव काचेच्या भांड्यात जिवंत ठेवण्याचा नाद होता. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं, आणि १८५४ साली गॉसचं ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आलं. झालं! घरोघरी समुद्र ठेवण्याची लाटच आली. लोक हातोड्या आणि बरण्या घेऊन डेव्हनच्या किनाऱ्यावर लोटले. ओहोटीत खडकांमध्ये साचणारी जी डबकी गॉसनं प्रेमानं वर्णन केली होती, तीच ओरबाडली गेली. त्याचा मुलगा एडमंड यानं १९०७ साली वडिलांवर पुस्तक लिहिलं. आपल्याच पुस्तकांमुळे किनारा उजाड झाला याचं वडिलांना किती दुःख होतं, ते त्यात त्यानं नोंदवलं आहे.

तर आपल्या टाकीत प्रवाळ नाहीत. मग उरतं काय? भरपूर उरतं. चिनी मातीचे किंवा साध्या चुनखडीचे सच्छिद्र खडक रचून कपारी, कमानी, गुहा करता येतात. आणि क्लाऊन मासे! २००३ सालच्या ‘फाइंडिंग नीमो’ चित्रपटातला तो हाच. बाजारातले बहुतेक समुद्री मासे समुद्रातूनच पकडलेले असतात, पण क्लाऊन मासा त्याला मोठा अपवाद आहे. तामिळनाडूत मंडपम्‌ इथल्या केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रानं टाक्यांमध्ये त्याची पैदास करून दाखवली, आणि आपल्या नवी मुंबईत ऐरोलीलाही अशी पैदास झाली आहे. म्हणून दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न असा विचारायचा : “हा मासा पैदाशीचा की समुद्रातला?” नीट उत्तर मिळालं नाही, तर घाई नाही.

सिनेमात तो समुद्रफुलात राहतो, म्हणून तेही हवंच असं मानू नका. पैदाशीच्या क्लाऊनला त्यावाचून काही अडत नाही. एक गंमत सांगतो. क्लाऊन माशाची पिल्लं मोठी होतात ती सगळी नर म्हणून. गटात जो सर्वांत थोराड, तो पुढे मादी होतो! अंडी सांभाळायचं, त्यांना पंखांनी वारा घालायचं काम बहुतेक वेळ बाबा करतात.

आता खऱ्या कामाला लागू. खरं सांगायचं तर या छंदात मासे पाळायचेच नसतात, पाणी पाळायचं असतं. पाणी ठीक, तर मासे आपोआप ठीक.

टाकी दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच घेतली, तर खडक घालून वर थोडी जागा सोडल्यावर तिच्यात साधारण ७५ लिटर पाणी बसतं. काच, खडक आणि पाणी मिळून वजन शंभर किलोच्या पुढे जातं, म्हणजे गव्हाची दोन पोती! तकलादू स्टुलावर किंवा बाबांच्या पुस्तकांच्या फडताळावर ती ठेवायची नाही. खिडकीतलं ऊनही तिच्यावर नको.

मीठ? स्वयंपाकघरातलं नाही चालणार. ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड, वर आयोडीन घातलेलं. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असे कितीतरी क्षार ठरलेल्या प्रमाणात असतात. त्यासाठी मत्स्यालयाचं समुद्री मीठ वेगळं मिळतं. दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे ७५ लिटरला सव्वादोन... छे, पुन्हा गुणाकार करा! २६२५ ग्रॅम. अडीच किलोच्या वर. मुंबईला गेल्यावर चौपाटीवरून कॅन भरून आणू, असंही कोणाच्या डोक्यात येईल. किनाऱ्याजवळच्या पाण्यात सांडपाणी आणि गाळ असतो, पावसाळ्यात तर खारटपणाचाही भरवसा नसतो. नकोच ते.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, म्हणून पाणी आरओचं घ्यावं. आरओ यंत्रातून बाहेर जाणारं पाणी बादलीत धरा, फरशी पुसायला होईल. मीठ वेगळ्या बादलीत विरघळवायचं, छोट्या पंपानं रात्रभर पाणी खेळवायचं आणि मग मोजायचं. हायड्रोमीटर तुम्हाला प्रयोगशाळेत भेटलाच असेल. त्यावर विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास यायला हवं.

पाणी भरलं, खडक रचले, पंप सुरू झाला. आता मासे सोडायचे का? थांबा, थांबा! इथंच सगळ्यात जास्त मासे मरतात. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी. समुद्र अफाट आहे, टाकी ७५ लिटरची. त्या अमोनियाचं नायट्राइट करणारे एका प्रकारचे जीवाणू असतात. नायट्राइटही विषारीच, पण दुसऱ्या प्रकारचे जीवाणू त्याचं नायट्रेट करतात, आणि ते थोडंफार असलं तरी मासे सहन करतात. हे जीवाणू खडकाच्या भोकाभोकांत वस्ती करतात. दुधाला विरजण लावल्यासारखंच म्हणा ना. फरक एवढाच, की दही रात्रीत लागतं आणि इथं चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस रिकाम्या टाकीत दोन दिवसांआड माशांच्या खाण्याची चिमूट टाकायची, म्हणजे जीवाणूंना जेवण मिळतं. तपासणीच्या संचानं मोजत राहायचं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले आणि तिथंच टिकले, की टाकी लागली.

मी तर म्हणेन, टाकी मार्चमध्ये सुरू करा आणि मे संपेपर्यंत तिच्यात मासा आणूच नका. का? पुण्याच्या उन्हाळ्यामुळे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे जातो आणि टाकीला हवं असतं २४ ते २७ अंश. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे मासे वरच्या थराला येऊन तोंडं उघडू लागतात. पाणी थंड करणारं चिलर यंत्र मिळतं, पण ते टाकीपेक्षा महाग. आपल्याकडे एक स्वस्त उपाय आहे, आणि तो मुंबईपेक्षा पुण्यात चांगला चालतो. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडायचा! माठातलं पाणी गार का होतं, तेच इथं. बाष्पीभवन होताना पाण्यातली उष्णता निघून जाते. इथली उन्हाळी हवा कोरडी, म्हणून बाष्पीभवन जोरात होतं आणि पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. मुंबईच्या दमट हवेत तेवढा गुण येत नाही.

पण या उपायाला एक खोड आहे. उडून जातं ते पाणी, मीठ मागेच राहतं. गणित करू. रोज लिटरभर पाणी उडालं आणि आठवडाभर कोणी पाहिलंच नाही, तर ७५ लिटरचं झालं ६८. मीठ तेवढंच, २६२५ ग्रॅम. भागून पाहा : लिटरमागे साडेअडतीस ग्रॅमच्या वर! माशांना हे झेपत नाही. म्हणून टाकीच्या काचेवर पाण्याच्या पातळीला चिकटपट्टी लावायची आणि रोज सकाळी शाळेला जाण्याआधी पातळी पट्टीपर्यंत आणायची. साध्या गोड्या पाण्यानं बरं का, खाऱ्या नव्हे. दोन मिनिटांचं काम, पण रोजचं. उन्हाळ्याची सुट्टी आहे, मामाकडे जायचं आहे, परीक्षा आहे, तरी रोजचं. मासे नसलेली टाकी तुम्ही मे अखेरपर्यंत पट्टीवर आणि २७ अंशांच्या आत सांभाळलीत, तर मासेही सांभाळाल. नाही जमलं, तर कोणाचा जीव तरी गेला नाही.

तापमानाची ही नाजूक गोष्ट खऱ्या समुद्रातही आहे. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त गरम होऊन काही आठवडे तसंच राहिलं, तर प्रवाळ आपल्या भाडेकरू शैवालाला बाहेर काढतात आणि पांढरे पडतात. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली असं मोठ्या प्रमाणावर झालं. तिथं पंखा कोण लावणार?

जूनमध्ये मासे आणाल तेव्हा पिशवी आधी वीसेक मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, मग तासाभरात थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत घालत न्या. या टाकीला दोन मासे पुष्कळ झाले. खाणं दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. पाहुणे आले की “मी घालू का?” म्हणणारी भावंडं असतात, त्यांच्यावर लक्ष ठेवा! आठवड्याला सात-आठ लिटर पाणी काढून तेवढंच नवं, खारं पाणी घालायचं. त्यानं नायट्रेट आटोक्यात राहतं. काढलेलं पाणी मोरीत ओता. कुंड्यांत ओतलंत तर आजीची तुळस जळेल आणि मग छंदच बंद होईल.

दोन गोष्टी मोठ्या माणसांसाठी. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे सुकून वायरींवर पांढरे थर चढतात, आणि मीठ व वीज यांचं मुळीच जमत नाही. वायर आधी प्लगच्या खाली लोंबती ठेवून मग वर न्यावी, म्हणजे थेंब खालीच गळतो. घरातलं ईएलसीबी चालू आहे ना, ते पाहून घ्यावं, आणि हात घालण्याआधी सगळी बटणं बंद. दुसरं, वीज गेल्यावर पंप थांबतो आणि प्राणवायू उतरू लागतो. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप घरात असू द्यावा.

आणि कधी टाकी बंद करावी लागली, तर मासे कळसजवळ मुळेत किंवा सहलीला जाऊन समुद्रात सोडायचे नाहीत. नदीत ते मरतील, समुद्रात रोग नेतील. दुसऱ्या छंदिष्टाला द्या.

प्रवाळ पाहायचेच असतील, तर प्रवाळांवर न उडवलेले पैसे साठवून एकदा मालवणला जा. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तिथं गाइडबरोबर पाण्यात तोंड बुडवलं की खडकांवरचे जिवंत प्रवाळ दिसतात, आणि त्यांच्या मधून पळणारे मासेही. त्याहून मोठं प्रवाळक्षेत्र विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर भर समुद्रात बुडालेलं आहे. त्याचं नाव आंग्रिया बँक, आपल्या कान्होजी आंग्र्यांवरून पडलेलं. तिथं जाणं सोपं नाही, मालवणला सोपं आहे. पाण्यात दमलात आणि पाय टेकावेसे वाटले, तर आधी खाली बघा. खाली वाळू असेल तरच टेकायचे.