चिक्कीतील भुईमूग प्रथिनांचे मापन

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील लोणावळे हे गाव चिक्कीसाठी प्रसिद्ध आहे. गुळाच्या वा साखरेच्या पाकात भाजलेले शेंगदाणे घालून व मिश्रण गरम असतानाच लाटून ही मिठाई करतात. शेंगदाण्याच्या चिक्कीत भुईमूग असतो हे उघडच आहे. प्रश्न उद्‌भवतो तो तीळ, काजू वा खोबरे यांच्या चिक्कीबाबत. त्याच कढईत व पाट्यावर आधी शेंगदाण्याची चिक्की झाली असल्यास भुईमुगाचे अंश पुढील घाण्यात उतरतात. भुईमुगाची अधिहृषता म्हणजे ॲलर्जी असलेल्या व्यक्तीस असा अंशही अपायकारक ठरू शकतो. तीव्र प्रसंगी श्वासमार्ग सुजून व रक्तदाब उतरून मृत्यूही ओढवतो.

शेंगदाण्यात वजनाने सु. एक-चतुर्थांश प्रथिन असते. त्यातील ‘ॲरा एच २’ व ‘ॲरा एच ६’ ही प्रथिने विशेष प्रभावी अधिहृषताकारक होत. त्यांचे रेणू लहान व गंधकबंधांनी घट्ट जखडलेले असल्यामुळे उष्णता व पाचक रस यांना ते सहसा दाद देत नाहीत.

मापनासाठी सामान्यतः एलिसा पद्धती वापरतात. चिक्कीची पूड करून तिच्यातील प्रथिने क्षारीय विद्रावात उतरवितात. हा विद्राव प्रतिपिंडांचा लेप दिलेल्या खळग्यांत घातला म्हणजे भुईमुगाची प्रथिने त्यांना चिकटतात. नंतर एंझाइम जोडलेले दुसरे प्रतिपिंड घालून रंग उत्पन्न करतात व त्याची तीव्रता ज्ञात प्रमाणाच्या विद्रावांशी ताडून पाहतात. रबरी हातमोज्यांतील चिकाची प्रथिनेही याच तत्त्वाने मोजतात.

चिक्कीत मात्र ही पद्धती फसण्याचा संभव असतो. भाजण्याने प्रथिने कमी विद्राव्य होतात. शिवाय गुळातील ग्लुकोज व फ्रुक्टोज त्यांच्याशी संयोग पावून तपकिरी संयुगे बनतात. बदललेले प्रथिन विद्रावात न उतरल्यास वा प्रतिपिंडाला न ओळखता आल्यास आकडा प्रत्यक्षाहून कमी येतो. अधिहृषताकारकता मात्र त्या मानाने घटत नाही. उलट, कोरड्या भाजलेल्या दाण्यांची प्रथिने रुग्णांच्या प्रतिपिंडांशी कच्च्या दाण्यांपेक्षा अधिक बद्ध होतात, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. यास्तव संशयित नमुना द्रव्यमान वर्णपटविज्ञानाच्या साहाय्यानेही तपासणे इष्ट असते.

अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ञ समितीने २०२१ मध्ये भुईमुगासाठी २ मिग्रॅ. प्रथिन ही संदर्भमात्रा सुचविली. ती सु. ८ मिग्रॅ. शेंगदाण्यातून, म्हणजे दाण्याच्या लहानशा कणातूनही मिळते. ४० ग्रॅ. चिक्कीच्या हिशोबाने हे प्रमाण दर किग्रॅ.ला ५० मिग्रॅ. प्रथिन वा २०० मिग्रॅ. शेंगदाणा असे पडते. अहवालातील आकडा यांपैकी कशाचा, हे न पाहिल्यास चौपट चूक होते. त्यातच हे कण सर्वत्र सारखे पसरत नाहीत. नऊ वड्या निर्दोष निघून दहावीत अर्धा दाणा सापडू शकतो. त्यामुळे नमुना कोठून व किती घेतला, याला उपकरणाच्या सूक्ष्मतेपेक्षा अधिक महत्त्व आहे.

भारतात २०२० च्या लेबल-विनियमांनुसार वेष्टित पदार्थावर भुईमुगाचा घटक म्हणून स्वतंत्र निर्देश आवश्यक असून संसर्गाचा संभवही नमूद करता येतो. सुट्या विकल्या जाणाऱ्या तिळाच्या चिक्कीबाबत ग्राहकास विक्रेत्याच्या उत्तरावरच अवलंबून राहावे लागते.