डॉसच्या पोटातून लिनक्सकडे

नव्वदच्या दशकात नागपुरातल्या एखाद्या मुलाला संगणकाचं वेड लागलं की त्याची सायकल आज ना उद्या धरमपेठेकडे वळायची. कारण साधं होतं. धरमपेठेला लागून असलेल्या गोकुळपेठेत यशवंत कानेटकर ‘सी’ शिकवायचे. मुंबईच्या व्हीजेटीआयमधून अभियांत्रिकीची पदवी, आयआयटी कानपूरहून एम.टेक. आणि मग नागपूर. त्यांचं ‘लेट अस सी’ दिल्लीच्या बीपीबी प्रकाशनाने काढलं आणि ते देशभरातल्या अभियांत्रिकी वसतिगृहांत जाऊन पोचलं. बाहेरगावी शिकायला गेलेला धरमपेठेतला मुलगा ‘हा लेखक आमच्याकडचा’ असं सांगायचा तेव्हा समोरच्याला आधी ते खरं वाटायचं नाही.

‘लेट अस सी’बद्दल पुष्कळ बोललं जातं. या तीस-पस्तीस वर्षांचा मागोवा घेताना मला मात्र त्याच लेखकाची दुसरी पुस्तकं अधिक मोलाची वाटतात : ‘रायटिंग टीएसआर्स थ्रू सी’ आणि ‘अनडॉक्युमेंटेड डॉस थ्रू सी’. परीक्षेत त्यातलं काही येत नसे, नोकरीच्या मुलाखतीतही क्वचितच. ती वाचणारी मुलं यंत्र आतून कसं चालतं हे कळावं, एवढ्याच ओढीने वाचायची. आपल्या भागात पुढे लिनक्स रुजलं ते या ओढीवर, असं माझं ठाम मत आहे.

डॉसमध्ये यंत्र उघडं होतं. मजकुराच्या पडद्यावर ८० रकाने आणि २५ ओळी, म्हणजे २,००० जागा. प्रत्येक जागेला दोन बाइट : पहिला अक्षराचा, दुसरा रंगाचा. हे ४,००० बाइट रंगीत पडद्यासाठी बी८०० या सेगमेंटपासून मांडलेले असत. टर्बो सी या कम्पायलरच्या निळ्या पडद्यावर एक ‘फार पॉइंटर’ लिहायचा, तो त्या पत्त्यावर रोखायचा आणि तिथे एक अक्षर ठेवायचं. प्रिंटएफ नको, काही नको. डाव्या कोपऱ्यात अक्षर उमटायचं. पुढच्या बाइटमध्ये आकडा बदलला की तेच अक्षर लाल व्हायचं, लुकलुकायला लागायचं. मेमरी हा पुस्तकातला शब्द त्या क्षणी डोळ्यांना दिसायचा. पहिल्यांदा हे करून पाहिलेला कुणीही ते विसरलेला मला भेटलेला नाही.

टीएसआर ही त्याच्या पुढची पायरी. हा प्रोग्राम संपल्यावरही मेमरीत ठाण मांडून बसतो. घड्याळाचा इन्टरप्ट सेकंदाला साधारण १८ वेळा येतो, कीबोर्डचा इन्टरप्ट प्रत्येक कळीला. यांपैकी एखाद्याचा पत्ता बदलून आपल्या फंक्शनकडे वळवायचा, आपलं काम उरकायचं आणि मूळ पत्त्याकडे परत जायचं. इथे एक अडचण असे. डॉस एका वेळी एकच काम करू शकत असे. ते स्वतः कामात असताना आपण मध्येच फाइल लिहायला गेलो की यंत्र जागच्या जागी गोठायचं. डॉस मोकळं आहे की नाही, हे सांगणारी ‘इनडॉस’ नावाची खूण मेमरीत होती आणि तिचा पत्ता इन्टरप्ट २१ मधलं हेक्स ३४ क्रमांकाचं फंक्शन देत असे. मायक्रोसॉफ्टने मात्र वर्षानुवर्षं त्या फंक्शनची कागदोपत्री नोंदच दिली नव्हती. लोकांनी डीबग चालवून, मशीन कोड एकेक ओळ उलगडून ते हुडकलं. ‘अनडॉक्युमेंटेड’ या विषयावर पुस्तकं निघाली ती यातून.

मग विंडोज ९५ आणि ९८ आलं. घरोघरी असेंबल केलेले पीसी आले, नागपूरच्या बर्डीतल्या दुकानांतून सुटे भाग येऊ लागले आणि दुकानदाराने विंडोज ‘टाकून’ देणं हा जणू रिवाजच झाला. कामं सोपी झाली हे खरं. पण आत शिरण्याच्या वाटा एकेक करून बुजल्या. ज्या पोरांनी इन्टरप्टचे पत्ते फिरवले होते, त्यांच्या हाती आता माउस आणि ‘ओके’चं बटण उरलं. त्यांना जे हरवल्यासारखं वाटत होतं ते खरोखरच हरवलं होतं. याला निव्वळ जुन्याची हौस म्हणता येणार नाही.

तिकडे हेलसिंकीत लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत असल्याचं जाहीर केलं होतं. तिची पहिली आवृत्ती साधारण दहा हजार ओळींची होती. रिचर्ड स्टॉलमन यांचा ग्नू प्रकल्प १९८३ मध्येच जाहीर झाला होता; त्यातला जीसीसी कम्पायलर आणि टॉरवाल्ड्सचा लिनक्स कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, एकत्र आले आणि एक पुरी व्यवस्था उभी राहिली. आपल्या देशात ती पोचवली प्रामुख्याने मासिकांनी. ‘पीसीक्वेस्ट’ने १९९६ पासून लिनक्सच्या सीडी वाचकांना दिल्या आणि त्यामागे मुख्य माणूस होता अतुल चिटणीस. बर्लिनमध्ये जन्मलेले, बेळगावात शिकलेले, बंगळूरुत राहिलेले चिटणीस २०१३ मध्ये गेले. मराठी वाचकांनी त्यांची जेवढी दखल घ्यायला हवी होती तेवढी घेतली नाही, याची मला खंत आहे. फेब्रुवारी २००३ मध्ये ‘लिनक्स फॉर यू’ हे स्वतंत्र मासिकच सुरू झालं.

सीडीचं महत्त्व आज सांगूनही पटणार नाही. ५६ केच्या मोडेमवर ६५० एमबीची एक सीडी उतरवायची तर फोनची लाइन एक-दोन दिवस अखंड अडकून राहणार, आणि लाइन तुटली की बहुधा पहिल्यापासून. त्यामुळे एकाने मासिक घ्यायचं आणि सीडी राइटर असलेल्या मित्राकडे जाऊन बाकीच्यांनी कॉपी काढायची. विंडोजची कॉपी काढताना जो चोरटेपणा असायचा तो इथे नव्हता. लिनक्सच्या जीपीएल परवान्यानेच कॉपी करण्याची आणि वाटण्याची मुभा दिली होती. कॉफी हाऊस चौकात उभं राहून उजळ माथ्याने सीडी हातात ठेवता येत होती, ही गोष्ट त्या वयात फार मोठी होती. पुढे २००४ पासून उबुंटूवाल्यांनी तर सीडी फुकट, टपालाने घरपोच पाठवायला सुरुवात केली. २०११ मध्ये ती योजना थांबली.

इन्स्टॉल करणं ही वेगळीच परीक्षा होती. लिलो हा बूट लोडर आपल्या नावाची अक्षरं एकेक करून पडद्यावर उमटवायचा आणि प्रत्येक अक्षर म्हणजे एक टप्पा पार. पडद्यावर नुसतं ‘एल आय’ येऊन थांबलं तर समजायचं की दुसरा टप्पा मेमरीत आला, पण चालू झाला नाही. बहुतेक वेळा डिस्कच्या मांडणीचा घोळ. जुन्या लिलोला १,०२४ सिलिंडरच्या पलीकडचा कर्नल सापडत नसे, म्हणून डिस्कच्या सुरुवातीलाच एक लहानसं पार्टिशन राखून ठेवायचं. ग्राफिक्स चालू करायचं तर मॉनिटरच्या पुस्तिकेतून आडव्या-उभ्या फ्रिक्वेन्सीचे आकडे शोधून द्यावे लागत. स्वस्तातले मोडेम निम्मं काम विंडोजच्या ड्रायव्हरवर सोपवणारे निघायचे, त्यामुळे लिनक्स उभं राहिलं तरी इंटरनेट बंदच.

यात विदर्भाचं स्वतःचं एक दुखणं होतं, लोडशेडिंगचं. लाइट गेली, यूपीएसची बॅटरी मे महिन्याच्या उन्हाळ्यात आधीच दमलेली, पीसी धाडकन बंद. तेव्हाची ईएक्सटी२ ही फाइल सिस्टिम असा धक्का सहन करायची नाही. पुन्हा सुरू करताना एफएससीके हे तपासणीचं साधन अख्खी डिस्क तपासत बसायचं. वीस जीबीच्या डिस्कला केवढा वेळ! कूलरची घरघर चालू, समोर टक्केवारी सरकतेय, आणि शेवटी ‘रूटचा पासवर्ड द्या आणि हाताने दुरुस्त करा’ असा संदेश. नोव्हेंबर २००१ मध्ये ईएक्सटी३ मुख्य कर्नलमध्ये आलं. ते डिस्कवर बदल करण्याआधी त्याची नोंद एका रोजनाम्यात करून ठेवतं. लाइट गेलीच तर फक्त तो रोजनामा वाचून सगळं जागेवर आणतं. अर्ध्या तासाचं काम काही सेकंदांवर आलं. जर्नलिंग म्हणजे काय हे पुस्तकातून समजणारे असतील. आम्हाला ते वीज मंडळाच्या वेळापत्रकाने समजावलं.

आणि मग तो बी८००चा प्रोग्राम. डॉसमधून आलेल्या प्रत्येकाने तो लिनक्सवर चालवून पाहिला असणार. ‘फार’ हा शब्द जीसीसीला कळत नाही म्हणून काढायचा, पत्ता नीट लिहायचा, कम्पाइल करायचा. उत्तर एकच, ‘सेगमेंटेशन फॉल्ट’. इथे प्रत्येक प्रोग्रामला स्वतःची वेगळी आभासी मेमरी मिळते. त्याने उच्चारलेला पत्ता हा खऱ्या मेमरीतला पत्ता नसतोच, आणि नेमून दिलेल्या हद्दीबाहेर हात घातला की प्रोसेसर कर्नलला हाक मारतो आणि कर्नल तो प्रोग्राम बंद करतो. म्हणजे दार इथेही बंदच होतं, विंडोजपेक्षाही घट्ट. फरक त्याच्या पुढे होता. कर्नलचा सोर्स कोड त्याच डिस्कवर ठेवता येत होता. त्यात मजकुराच्या कन्सोलची फाइल उघडली, व्हीजीएकॉन, की रंगीत पडद्यासाठी तोच पत्ता पूर्ण रूपात लिहिलेला सापडायचा, बी८०००. डॉसच्या दिवसांत पाठ झालेला तो आकडा जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेल्या कोडमध्ये पाहणं हा माझ्या दृष्टीने या साऱ्या काळाचा सर्वोच्च क्षण आहे. हात लावायला परवानगी लागते, पण बघायला कुणाचीच मनाई नाही. आणि बदल करून स्वतःचा कर्नल कम्पाइल करायचा असेल तर त्यालाही नाही. रात्री कम्पाइल लावून झोपायचं, सकाळी उठून पाहायचं, हा क्रम तेव्हा अनेक घरांत चालायचा.

२००४च्या सुमारास ‘लेट अस सी’ची पाचवी आवृत्ती आली, तिच्या शेवटी लिनक्सवर दोन प्रकरणं होती : प्रोसेस, फोर्क, अनाथ आणि झॉम्बी प्रोसेस, सिग्नल. गोकुळपेठेतून निघालेल्या पुस्तकाने लिनक्सला अशी जागा दिली, यात मला एक वर्तुळ पुरं झालेलं दिसतं. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा मात्र कितीतरी वर्षं टर्बो सीलाच चिकटून राहिल्या. नव्या विंडोजवर ते चालेना, तेव्हा डॉसबॉक्स या मुक्त स्रोत प्रोग्रामच्या आत ते चालवू लागल्या. जीसीसी मोफत, आधुनिक आणि हाताशी असताना हा हट्ट का, हे मला आजही पटत नाही. यंत्र समजून घेण्यासाठी डॉस चालवणं वेगळं आणि अभ्यासक्रम बदलायचा कंटाळा म्हणून चालवणं वेगळं.

लिनक्सवरच्या मराठीचं काम त्याच काळात पुण्यात झालं. रेड हॅटच्या तिथल्या कार्यालयातून लोहित फॉन्ट सांभाळले गेले आणि ग्नोम, फेडोराचे मेनू मराठीत आले. ‘ताऱ्या’मधला ‘ऱ्य’ नीट दिसणं ही गोष्ट आज कुणाच्या लक्षातही येत नाही. त्यामागे फॉन्ट आणि अक्षरं जुळवणारा कोड दुरुस्त करत बसलेली माणसं आहेत.

२९ फेब्रुवारी २०१२ला रास्पबेरी पाय आला. पत्त्याच्या पानाएवढा बोर्ड, त्यावर लिनक्स, आणि कडेला उघड्या पिना. दिवा लावा, मोटर फिरवा, तापमान मोजा. नागपूरच्या व्हीएनआयटीतल्या आणि आसपासच्या शाळांतल्या पोरांना हार्डवेअरला हात लावायचं स्वातंत्र्य त्यातून परत मिळालं.

डॉसचंही दार उघडलंय. मायक्रोसॉफ्टने १.२५ आणि २.० या आवृत्त्यांचा सोर्स कोड २०१४ मध्ये संगणक इतिहासाच्या संग्रहालयामार्फत दाखवला, २०१८ मध्ये तो खुल्या परवान्याखाली दिला आणि एप्रिल २०२४ मध्ये ४.०० आवृत्तीचाही दिला. इनडॉसची खूण कुठे चढते, कुठे उतरते हे आता मूळ असेंब्लीत, लिहिणाऱ्यांच्या टिपणांसह वाचता येतं.

सध्या आमच्या भागात काम आहे ते जुन्या यंत्रांचं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला आणि विंडोज ११ न चालणारे धडधाकट पीसी घरोघरी पडून आहेत. त्यांवर लिनक्स टाकून हवं असलेल्यांनी आधी एक गोष्ट तपासावी. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ने जुन्या ३२-बिट पीसींसाठीचा इन्स्टॉलर आणि कर्नल देणं बंद केलं आहे. पेन ड्राइव्हवरून एखादं ३२-बिटचं लाइव्ह लिनक्स बूट करावं, टर्मिनल उघडून एलएससीपीयू ही कमांड द्यावी आणि ‘ऑप-मोड’च्या ओळीत ६४-बिट लिहिलंय का ते पाहावं. असेल तर डेबियन १३ किंवा मिंट चालेल. नसेल तर ३२-बिटची आवृत्ती अजून सांभाळणारं अँटिएक्स घ्यावं. दोन्हीकडे जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि रॅम ४ जीबी केली की घरच्या कामाला यंत्र पुरतं.