पहिल्या रिपोर्टवर घर मोडू नका!

एच.आय.व्ही.ची चाचणी 'पॉझिटिव्ह' आली, एवढी बातमी वस्तीत फुटली की माणसाचे जगणे कठीण होते. संसार मोडतात, सून माहेरी धाडली जाते. म्हणून आम्ही कळकळीने सांगतो, एका चाचणीचा रिपोर्ट म्हणजे रोगाचे निदान नव्हे.

ही चाचणी विषाणू शोधत नाही. विषाणूशी लढण्यासाठी शरीर जी प्रतिपिंडे तयार करते, ती शोधते. कधी दुसऱ्याच कारणाने तयार झालेली प्रतिपिंडे चाचणीत चिकटतात आणि निरोगी माणूसही पॉझिटिव्ह दिसतो. कधी नळीवर भलतेच नाव पडते.

आता साधा हिशेब करू. आपल्या देशात प्रौढांत लागणीचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के, म्हणजे लाखात २०० माणसे. समजा, चाचणी निरोगी माणसांत हजारी फक्त ५ वेळा चुकते. तरी उरलेल्या ९९,८०० जणांत सुमारे ५०० जण खोटे पॉझिटिव्ह निघतील! खऱ्या २०० जणांपेक्षा अडीचपट.

यावर उपाय एकच, फेरतपासणी. तीही वेगळ्या किटवर. तेच किट तीच चूक पुन्हा करू शकते. म्हणून राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या नियमाप्रमाणे, लक्षणे नसलेल्या माणसाला पॉझिटिव्ह ठरवण्यापूर्वी तीन वेगवेगळ्या चाचण्या पॉझिटिव्ह याव्या लागतात.

तेव्हा बंधू-भगिनींनो, खाजगी लॅबचा वा रक्तदान शिबिराचा निरोप आला तर सरकारी रुग्णालयातील आय.सी.टी.सी. केंद्रात जा. तिथे तपासणी व समुपदेशन मोफत आहे. रक्त देताना नळीवरचे नाव व नंबर स्वतः वाचा. बाधित आईच्या बाळात आईची प्रतिपिंडे १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात. त्याची वेगळी, विषाणूच शोधणारी तपासणी करावी लागते.

मात्र 'रिपोर्ट खोटाच असेल' म्हणून घरी बसू नका. लागण पक्की ठरली तर सरकारी ए.आर.टी. केंद्रात औषधे मोफत मिळतात, आणि ती नियमित घेणारा माणूस कामधंदा करून दीर्घकाळ जगतो.

२०१७ च्या एच.आय.व्ही. कायद्याने संमतीशिवाय तपासणी करण्यास, रिपोर्ट फोडण्यास आणि लागणीवरून नोकरीत भेदभाव करण्यास मनाई केली आहे. शंका असल्यास १०९७ या मोफत क्रमांकावर विचारा. शेजाऱ्याच्या रिपोर्टची चर्चा करण्याऐवजी त्याच्याबरोबर केंद्रापर्यंत चला. खरी मदत तीच.