वसई घेतली की गेली?

बी.ए.ला मराठी आणि एम.ए.ला इतिहास घेणार म्हटल्यावर घरी पहिला प्रश्न आला, "परत सनावळ्याच पाठ करणार काय?" तसं नाही. सनावळी येते असं धरूनच एम.ए. चालतं. तिथे विचारतात, हे तुम्हाला कशावरून कळलं?

वसईचंच घ्या. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी पोर्तुगिजांकडून किल्ला घेतला. शाळेच्या पुस्तकात हा मराठ्यांचा विजय. मला मात्र आधी आठवतात त्या तिथल्या चर्चमधून नेलेल्या घंटा, काही देवळांत आजही टांगलेल्या. वसई 'घेतली' म्हणायचं की 'गेली', हे आपण कुणाचे कागद वाचतो त्यावर ठरतं.

मराठ्यांचे कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात, मोडीत. पोर्तुगिजांचे पणजीच्या पुराभिलेखागारात, जे १५९५ पासून आहे. तिथल्या लिस्बन-गोवा पत्रव्यवहाराच्या बाडांना 'मान्सूनची पुस्तकं' म्हणतात, कारण जहाजं मोसमी वाऱ्यावर यायची. पांडुरंग पिसुर्लेकरांना दोन्हीकडचं वाचता यायचं, म्हणून त्यांच्या हातून 'पोर्तुगेज-मराठे संबंध' झालं. नुसती अनुवादित पुस्तकं वाचून ते होत नाही.

मराठी येणाऱ्याला मोडी सरावाने जमते. भाषा आपलीच, वळण तेवढं वेगळं. पोर्तुगीज मात्र मुळापासून. आजी शाळेत शिकली होती, पण आता तिला फक्त प्रार्थना आठवतात! म्हणून एम.ए.च्या अर्जाआधी मी पोर्तुगीजच्या वर्गात नाव घातलंय. सध्या क्रियापदांशी झटापट चालू आहे.